चौकोन दिसले म्हणजे फाइल करप्ट झाली असं नसतं

लिनक्सवाल्यांच्या ग्रुपांमधून एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, काळ्या कन्सोलवर (खिडक्या नसलेल्या, नुसत्या मजकुराच्या स्क्रीनवर) मराठीच्या जागी चौकोन दिसले तर फाइल करप्ट आहे, आयकॉन्व्ह लावून ती लॅटिन-१ मधून युटीएफ-८ करा, लोकेल (भाषेची सेटिंग) बदला, सेटफॉन्ट या कमांडने कन्सोलला देवनागरी फॉन्ट टाका, की झालं. लॅटिन-१ आणि युटीएफ-८ या अक्षरं फाइलीत साठवायच्या दोन पद्धती, आणि आयकॉन्व्ह ही एकीतून दुसरीत बदलणारी कमांड. माझ्या मामेभावाने हे मामीने टाइप केलेल्या ओव्यांवर चालवलं, तेही मूळ फाइलीवरच, आणि रात्री साडेअकराला फोन, "दादा, सगळं गेलं रे."

अरे, फाइल करप्ट नव्हतीच! फाइलीत अक्षराचा नंबर असतो, चित्र फॉन्टमध्ये असतं, आणि कुठल्या नंबराला कुठलं चित्र हा तक्ता कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे असतो. कर्नलसोबत येणाऱ्या युनिकोडवरच्या (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीवरच्या) दस्तऐवजात हे सरळ लिहिलंय, आठ-बिटी कॅरेक्टर सेट (एका बाइटात एक अक्षर बसवणारी जुनी यादी) असो की युटीएफ-८, दोन्हींना तोच एक तक्ता लागतो. त्या तक्त्यात 'म' नाही म्हणून चौकोन, बाकी काही नाही, तीच फाइल डेस्कटॉपवर उघडली असती तर व्यवस्थित वाचता आली असती. बिघडवलं ते आयकॉन्व्हने. 'म' युटीएफ-८ मध्ये आधीच तीन बाइटचा, त्यातल्या प्रत्येक बाइटला वेगळं लॅटिन अक्षर धरून पुन्हा युटीएफ-८ केलं, की एका 'म'चे सहा बाइट आणि मग कुठेही उघडा, कचराच दिसणार.

लोकेलचं थोडं खरं आहे, मान्य. कन्सोल युटीएफ-८ मोडमध्ये नसेल तर एका अक्षराची तीन भलतीच चिन्हं दिसतात. पण मोड लावला म्हणून फॉन्टमध्ये 'म' उगवत नाही.

आणि देवनागरी फॉन्ट? कन्सोलच्या फॉन्टमध्ये सहसा २५६ नाहीतर ५१२ चित्रं. देवनागरीचा युनिकोड ब्लॉक १२८ जागांचाच आहे, म्हणजे सुटी अक्षरं मावतील, पण कन्सोल सहसा एका नंबराला एक चौकट देतो, जोडाक्षर जुळवत नाही. 'स्त्री' म्हणजे सहा नंबर, ते सुटे तुकडे पडून दिसणार, आणि 'कि'ची वेलांटी क च्या नंतर, कारण फाइलीत ती नंतरच असते. असल्या मराठीत ओवी कोण वाचणार?

मामेभावाने आयकॉन्व्ह एकदाच लावलं होतं, म्हणून युटीएफ-८ मधून लॅटिन-१ असं उलटं फिरवलं आणि ओव्या जशाच्या तशा परत आल्या. तुम्ही दोनदा लावलं असेल तर दोनदा उलटं फिरवा, पण आधी फाइलीची कॉपी काढा आणि कॉपीवरच करा.