चहा चोरून आणणारा ‘एकटा हेर’: फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या ‘इंग्रज हेरा’ने 1848 मध्ये चिनी माणसाचा वेश घेऊन, जिवावर उदार होऊन, एकट्याने चीनचा चहा चोरला, तो नसता तर भारतात चहाच पिकला नसता, असा त्याचा सूर. यात खरं थोडं आहे, बाकी बरंच ताणलेलं आहे.

आधी माणूस. फॉर्च्यून स्कॉटलंडचा, पेशाने माळी. 1843 मध्ये लंडनच्या बागाईत संस्थेने त्याला वर्षाला 100 पौंडांवर चीनला पाठवलं. बंदूक मागितली तर संस्था काठी पुढे करत होती. बऱ्याच हुज्जतीनंतर शस्त्र मिळालं. पुढे तापाने फणफणलेला असताना समुद्री चाच्यांनी त्याचं गलबत गाठलं, तेव्हा तेच कामी आलं. या पहिल्या फेरीतली पुष्कळ झाडं त्याने जंगलातून नव्हे, तर चिनी रोपवाटिकांतून आणि बागांतून मिळवली. पिढ्यानपिढ्या ती वाढवणारे चिनी माळी फॉरवर्डमध्ये कुठेच नाहीत. 1848 ला ईस्ट इंडिया कंपनीने पगार 500 पौंड केला. म्हणजे हा नोकरीवरचा माणूस होता.

‘एकट्याने’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. ब्रिटन आणि चीनमधल्या 1842 च्या नानकिंगच्या तहानंतर परदेशी लोकांना पाच बंदरं खुली होती, आतल्या मुलुखात जायला बंदी होती. म्हणून डोकं भादरून, वेणी लावून, चिनी कपडे घालून तो निघाला, हे खरंच. पण ते डोकं भादरलं त्याच्या हमालाने, आणि तेही इतकं खरवडून की डोळ्यांत पाणी आलं, असं त्यानेच लिहिलंय. वाट दाखवणारा, बोलणी करणारा वांग हा हुइझोउचा, चहाच्या मुलुखातलाच. फॉर्च्यून उतरला वांगच्या आईवडिलांच्या घरी. ही माणसं नसती तर तो चहाच्या डोंगरापर्यंत पोचला नसता.

‘चोरी’ म्हणावं का? मी म्हणेन, हो. बंदी मोडून, कंपनीच्या फायद्यासाठी केलेलं काम होतं ते. फक्त खिशात बी टाकून पळण्याइतकं ते सोपं नव्हतं. चहाचं बी सुकलं की उगवत नाही, आणि शांघाय ते कलकत्ता प्रवास लांबचा. शेवटी त्याने काचेच्या बंद पेट्यांत तुतीच्या रोपांमधल्या मातीत बी पेरून पाठवलं. ते वाटेतच रुजलं. हिमालयाच्या पायथ्याच्या बागांत वीस हजारांवर रोपं गेली, असं त्याने नोंदवलंय. 1851 मध्ये त्याच्यासोबत चहा तयार करणारे सहा कारागीर आणि डब्यांसाठी शिशाचं काम करणारे दोघे आले. माझ्या मते रोपांहून महत्त्वाचं हेच: पानं खुडल्यावर करायचं काय, ते हातांना माहीत असतं.

राहिला शेवटचा दावा, आणि तो सरळ चुकीचा आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने भारतात चहा पिकवण्यासाठी चहा समिती 1834 ला नेमली. समितीचा सचिव गॉर्डन चीनला गेला आणि 1835 मध्ये तिथलं बी कलकत्त्यात पोचलं. कुमाऊंच्या बागा त्यातूनच सुरू झाल्या. आसामचा चहा तर लंडनमध्ये जानेवारी 1839 मध्ये लिलावात विकला गेला. फॉर्च्यून तेव्हा चीनला गेलाही नव्हता. डोंगरी बागांमधल्या चिनी वाणात त्याचा वाटा आहे, पण आपल्या टपरीवर उकळणारी भुकटी मुख्यतः आसामी वाणाची. ते झाड आसामातले सिंगफो आदिवासी आधीपासून वापरत होते. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्यांची माहिती दिली मणिराम दिवाण यांनी. पुढे आसाम कंपनीचे दिवाण झालेल्या आणि नंतर स्वतःच्या चहाबागा उभ्या करणाऱ्या याच मणिरामांना 1857 च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी 1858 मध्ये जोरहाटला फाशी दिली. चहाची गोष्ट पुढे पाठवायचीच असेल तर त्यांचं नाव घालून पाठवा.