‘बॅनिश्ड’मधली वस्ती अचानक का मरते? खुलासा

‘बॅनिश्ड’ या गाव वसवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये कोठार भरलेलं असूनही पन्नासेक वर्षांनी गाव आपोआप मरतं, गेममध्येच दोष आहे, असा मेसेज फिरतोय. त्याचं मूळ माझीच जुनी पोस्ट आहे आणि ती चुकीची होती. माफ करा.

२०१४ साली आलेला हा गेम एकट्या ल्यूक होडोरोविच यांनी बनवलाय. त्यात लढाई नाही, पैसा नाही. माणसं हीच खरी संपत्ती. मुलं होतात ती जोडप्याला स्वतंत्र घर मिळाल्यावरच. मी सुरुवातीला एकदम घरं बांधली आणि मग धान्य वाचवायला वर्षानुवर्षं एकही नाही. तरुण पोरं आईबापांच्या घरातच अडकली. पिढी एकदम म्हातारी झाली, एकदम गेली. शेतात राबायला कुणी उरलं नाही, मग उपासमार.

जुनं सेव्ह (साठवलेला डाव) उघडून टाउन हॉलमधले, म्हणजे गावाची आकडेवारी दाखवणाऱ्या इमारतीतले, आकडे पाहिले: मोठी माणसं भरपूर, मुलं जेमतेम. नव्या डावात दर वर्षी दोन-तीनच घरं बांधत गेलो, गाव तगलं.

गेम संथ वाटतो ही तक्रार रास्त आहे, दोषाची नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.