आईला बाकावर बसवून ठेवू नका

दोन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे अमेरिकेत आली होती, तेव्हा युटामधल्या ब्राइस कॅन्यनला आम्ही तिला वर बाकावर बसवलं आणि आम्ही खाली दरीत उतरलो. "तू बस निवांत, तुला झेपायचं नाही." दीड तासाने परत आलो तर ती तशीच बसलेली, पर्स मांडीवर घेऊन. "झालं का बघून?" एवढंच म्हणाली. ही बाई साताऱ्यात वर्षानुवर्षं पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. आणि मी तिला न विचारता, तिचं वय 67 आहे एवढ्यावरून परस्पर ठरवून मोकळी झाले होते. ते मला फार लागून राहिलं.

या एप्रिलमध्ये ती पुन्हा आली तेव्हा युटामधल्याच झायन नॅशनल पार्कला गेलो आणि मुद्दाम 'कॅन्यन ओव्हरलूक' हा ट्रेल, म्हणजे पायवाट, धरला. जाऊन-येऊन एक मैल, म्हणजे जेमतेम 1.6 किलोमीटर. चढ 163 फूट. "त्यात काय बघायचंय? एंजल्स लँडिंग करा," असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. एंजल्स लँडिंग हा तिथलाच प्रसिद्ध ट्रेल मोठाच आहे, साखळ्या धरून चढायचं, 2022 पासून सोडतीत परमिट लागावं लागतं. पण किती मैल चाललात यावरून वाटेची किंमत ठरवणं मला पटत नाही.

झायन-माउंट कार्मेल बोगद्याच्या पूर्वेच्या तोंडापाशी ही वाट सुरू होते. 1930 साली खुला झालेला हा 1.1 मैलांचा बोगदा कड्याला लागून खोदलाय, आणि मधेमधे कड्यात खिडक्या आहेत. खोदकामाचा राडारोडा त्या खिडक्यांतूनच दरीत लोटत होते. आई गाडीत मान वळवून एकेक खिडकी मोजत होती.

सुरुवातीलाच खडकात खोदलेल्या पायऱ्या. मग वाट अरुंद होते आणि आजूबाजूचं बोलणं बंद होतं, कारण खाली पाइन क्रीकची घळ असते, इतकी चिंचोळी की तळ दिसतच नाही. रेलिंग आहे, पण सगळीकडे नाही. आणि मग येतो तो लाकडी पूल, कड्याला बाहेरून टांगल्यासारखा. आई तिथे थांबली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांब गं, जरा बघू दे." समोरून एक कुटुंब येत होतं, तेही थांबले, कोणी घाई केली नाही. मिनिटभराने तिने एका हाताने रेलिंग धरलं, दुसरा तळवा खडकावर टेकवला आणि पलीकडे गेली.

पलीकडे कड्याच्या पोटात मोठी कपार आहे. बाहेर रखरखीत वाळवंट आणि आत छतातून टपटप पाणी. हा दगड म्हणजे साधारण 18-19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, घट्ट झालेल्या. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि सावकाश कुठेतरी असं पाझरतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी याचं काही नातं नाही. पण आई ओल्या भिंतीपाशी वाकली आणि ओरडलीच, "अगं, हा तर हंसराज!" नेच्याचीच एक जात, काळीभोर तारेसारखी देठं, इवली हिरवी पानं. आमच्या आडाच्या भिंतीवर हाच उगवायचा म्हणे. बराच वेळ ती तिथून हलेना. हात मात्र लावला नाही.

शेवटचा कातळ चढून गेलो आणि एकदम सगळं खुलं झालं. समोर वेस्ट टेंपलचा प्रचंड सुळका, खाली रस्त्याची नागमोडी वळणं, त्यावर मुंगीएवढ्या गाड्या. आई म्हणाली, "रस्त्यावरून दाखवलीस ती मोठी कमान कुठाय?" म्हटलं, "तुझ्या पायाखाली." खरंच, ग्रेट आर्च बरोब्बर त्या कड्याखाली येते. ती दोन पावलं मागे सरकली, खाली बसली आणि डबा उघडला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही अर्धा तास काहीच बोललो नाही.

इथे आई-वडील येतात तेव्हा आपण त्यांना मॉल दाखवतो, गाडीच्या काचेतून डोंगर दाखवतो, व्ह्यूपॉइंटला उतरवून फोटो काढतो. काळजीपोटीच करतो, मला माहीत आहे. पण ज्यांनी आयुष्यभर गड-डोंगर पायी केले, त्यांना दरीच्या काठापर्यंत स्वतःच्या पायांनी जाण्याचा आनंद आपणच नाकारतो. गुडघे खरंच दुखत असतील, उंचीची भीती असेल, तर नकोच. मात्र ते त्यांनी सांगावं, आपण नाही. अशा छोट्या वाटा त्यांच्यासाठीच शोधायला हव्यात.

जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा. पार्किंग अगदी थोडं आहे आणि पार्कची शटल बस इथे येत नाही. चप्पल-सँडल नको, चांगली पकड असलेले बूट हवेत, कातळावर वाळू असते आणि पाय सरकतो. पाणी घ्या. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नका. बर्फ असेल किंवा ढग गडगडत असतील तर सरळ मागे फिरा.

परतीच्या वाटेवर आई पुढे होती. पुलाच्या मधोमध थांबून तिने वाकून खाली पाहिलं, मी श्वास रोखला.

सप्टेंबरमध्ये सासूबाई येताहेत. काल फोनवर त्यांना या वाटेचं सगळं सांगितलं, पुलाचंही, आणि विचारलं, "याल का?" त्या म्हणाल्या, "बूट इथूनच घेऊन येऊ की तिथे घेशील?"