'यात तालच नाही' म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

नव्या पियानो कॉन्चेर्टोंवरच्या, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या पाश्चात्त्य रचनांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'ताई, हा साहेबी गोंगाट आहे, यात तालच नाही. मुंबईच्या एनसीपीए कलाकेंद्रात मिरवायला ठीक. आज असलं लिहितं कोण? जरा आपलं संगीत ऐका.'

मत वेगळं असण्याबद्दल तक्रार नाही. पण आधी 'ताई' म्हणायचं आणि मग शिकवणी घ्यायची, ही कुठली रीत? मी गिरगावातल्या चाळीत वाढले. वडील भजनाला पखवाज वाजवायचे, मी तबला शिकले. मात्रा चुकली की गुरुजी सगळ्यांदेखत थांबवायचे. ताल नसता, तर तो मलाही खटकला असता.

हंगेरियन संगीतकार लिगेतीचा कॉन्चेर्टो (१९८५–८८) घ्या. पहिल्या भागात १२/८ आणि ४/४ अशी दोन मापं एकाच वेळी चालतात. एकात ठोक्याला तीन मात्रा, दुसऱ्यात दोन. आपल्याकडे आडलयीत जे तीनास दोन करतात, तेच. तबलजीला इथवर काही नवं नाही. पुढे मात्र लिगेती या मात्रांचे विषम गट पाडतो, आघात अनपेक्षित जागी देतो आणि हे सगळं एकल पियानो व वाद्यवृंदात वाटून टाकतो. मध्य आफ्रिकेतल्या बहुपदरी लयींनी त्याला झपाटलं होतं, ते इथे कळतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायला जाल तर सापडणार नाही. ती ठेवलेलीच नाही. पण म्हणून हिशेब नाही? एक वादक अर्ध्या मात्रेने घसरला तर सगळी वीण उसवेल, इतका तो काटेकोर आहे!

आणि गोंगाट म्हणता, म्हणजे दुसरा भाग तुम्ही ऐकलेलाच नाही. संथ, जवळजवळ निर्जन. पिकोलो ही चिमुकली बासरी अगदी खालच्या स्वरांत, बॅसून हे खर्जाचं फुंकवाद्य अगदी वरच्या, मध्येच ओकारिना ही गोलसर छोटी बासरी. तो ऐकून मी कितीतरी वेळ कुणाशी बोलू शकले नव्हते.

एनसीपीएची तिकिटं सगळ्यांना परवडत नाहीत, हे मान्य. रात्री नरिमन पॉइंटहून चर्चगेट गाठून उपनगरात परतणंही सोपं नाही. त्यात लिगेतीचा काय दोष?

'आज लिहितं कोण'? ब्रिटिश संगीतकार थॉमस अ‍ॅडेसचा कॉन्चेर्टो मार्च २०१९मध्ये बॉस्टनला किरिल गेर्स्टाइनने पहिल्यांदा वाजवला. त्याच महिन्यात अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचा नवा कॉन्चेर्टो लॉस एंजेलिसला युजा वांगने. एवढं शोधायला तुम्हाला पाच मिनिटंही लागली नसती.