भिंतीला बोटं असतात

माझ्याबरोबर नाटकाला यायला घरातलं कुणी तयार होत नाही. मी नको तिथे हसतो, असं त्यांचं म्हणणं. आता मी हसतो तिथे काहीतरी घडलेलं असतं आणि ते यांना दिसत नाही, त्याला मी काय करणार?

परवाचंच घ्या. गंभीर कौटुंबिक नाटक, आम्ही दुसऱ्या रांगेत. दुसरा अंक सुरू होतो न होतो तोच थोरला मुलगा बापावर कडाडतो, "या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही!" आणि तरातरा दाराकडे जातो. दार उघडेना. त्याने ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, शेवटी खांदा लावला. नाटकातलं घर म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड आणि त्याला मागून दिलेला तिरपा टेका. तो निसटला असावा, कारण दार तसंच राहिलं आणि भिंत पुढे आली. आजोबांची तसबीर खाली पडली. सगळा दिवाणखाना बापाच्या अंगावर झुकायला लागला, तेव्हा घर सोडून निघालेला मुलगाच घर सावरायला धावला.

"मागच्या दाराने जा!" बाप ओरडला. हे वाक्य लेखकाचं नव्हतं, पण अख्ख्या नाटकात तेवढंच मनापासून म्हटल्यासारखं वाटलं.

मागे दार नव्हतं, खिडकी होती. हे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे पहिल्या अंकात दोनदा सांगून झालं होतं. मुलाने एक पाय खिडकीबाहेर टाकला, मग दुसरा, आणि शांतपणे चालत निघून गेला.

तेवढ्यात भिंतीच्या कडेला चार बोटं उगवली. मागून कुणीतरी भिंत धरली होती. इकडे आई हंबरडा फोडत होती, पण माझं लक्ष बोटांवर. तर्जनीला चिकटपट्टी होती. हळूहळू बोटं पांढरी पडत गेली. मग त्यांच्या शेजारी दुसरी चार उगवली आणि आधीची सावकाश मावळली. पाळी बदलली! मी रुमाल तोंडात कोंबला. खांदे मात्र ऐकेनात. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी हळूच पाण्याची बाटली पुढे केली. बायको समोर बघत राहिली, जणू माझी तिची ओळखच नाही.

बाटलीवरून आठवलं. २९ जून १६१३ रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात राजाच्या प्रवेशाला खरीखुरी तोफ उडवली आणि छपराचं गवत पेटलं. त्या वेळच्या एका पत्रात लिहिलंय, की धूर दिसूनही लोकांचे डोळे नाटकावरच खिळलेले होते. तासाभरात नाट्यगृह खाक. माणसं वाचली. एकाची तुमान पेटली, ती त्याने बाटलीतल्या बिअरने विझवली. छप्पर जळत असताना नाटक बघणारे ते प्रेक्षक आमच्या घरच्यांचे पूर्वज असावेत, असा मला दाट संशय आहे.

असे प्रसंग माझ्याकडे बरेच आहेत. उचलल्यावरही वाजत राहणारा फोन, श्वास घेणारं प्रेत, हे तर नेहमीचंच. पण एकदा पहिल्या अंकातलं एक वाक्य तिसऱ्या अंकातल्या वाक्यासारखं होतं आणि नटाची गाडी थेट तिसऱ्यात शिरली. काकांचं मृत्युपत्र वाचायला सुरुवात झाली. काका समोर खुर्चीत, पेपर वाचत. क्षणभर त्यांनी स्वतःच्या इस्टेटीची वाटणी ऐकली, पेपरची नीट घडी केली, उठून आत गेले आणि आतून "आई गं!" असं ओरडून रीतसर मेले. अभिनय म्हणतात तो हा. त्या नाटकाचं नाव विचाराल तर मला आज सांगता येणार नाही.

तर परवा. शेवटी बाप-मुलाचा समेट झाला. सगळे हातात हात घालून ओळीने उभे राहिले, वाकले. खिडकीतून गेलेल्याला सर्वांत जास्त टाळ्या. भिंतीच्या कडेला बोटं अजून होतीच, चिकटपट्टीवाली पुन्हा पाळीवर आली होती. मी त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. पडदा पडला, दिवे लागले.

आणि पडद्यामागे धाडकन आवाज झाला.

"काय पडलं हो?" बायकोने विचारलं.




"घर," मी म्हणालो.