फोटो नको, फाईल पाठवा

आज पुन्हा व्हॉट्सॲपवर कमांड चालवायच्या काळ्या खिडकीचा तिरका फोटो आला. काचेवर ट्यूबलाइट, एररची ओळ अर्धी कापलेली आणि खाली, "दादा, बघ ना काय झालंय." काय बघू? ज्योतिषी आहे का मी?

कमांडच्या शेवटी > टाकायचं, पुढे फाईलचं नाव. झालं, स्क्रीनवर छापलं जाणारं आउटपुट त्या फाईलमध्ये! (एररसाठी अजून थोडं लागतं, ते खाली सांगतो.) विंडोज असो नाहीतर लिनक्स. हो, फोटो पटकन निघतो, मान्य. वेळ तुमचा वाचतो, डोळे माझे जातात.

आणि नुसत्या > वर थांबणाऱ्यांचा तर जास्तच राग येतो. एका पतसंस्थेत रोज रात्री डेटाबेसच्या बॅकअपची स्क्रिप्ट चालायची. तिचं आउटपुट > ने लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, जायचं. त्यात काय? "बॅकअप सुरू. काम संपलं." सगळं आलबेल! मधे कुणीतरी पासवर्ड बदललेला, त्याची एरर रोज येत होती, पण स्क्रीनवर. आउटपुट १ नंबरच्या वाटेने जातं, एरर २ नंबरच्या, आणि साधं > फक्त १ नंबर पकडतं. शेवटी 2>&1 (इंग्रजी आकड्यांतच; म्हणजे २ नंबरलाही १ च्याच वाटेने पाठव) जोडायचं होतं हो, एवढंच! तेही फाईलच्या नावानंतर. आधी लिहिलंत तर एरर पुन्हा स्क्रीनवरच.

या दोन वाटा उगाच नाहीत. १९७०च्या दशकात बेल लॅब्स या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एरर मजकुरासोबत सुबक टाइपसेट होऊन, म्हणजे छपाईच्या अक्षरांत, यायला लागल्या, म्हणून तिथल्या युनिक्सवाल्यांनी (लिनक्स ज्याच्या धर्तीवर आहे ती प्रणाली) त्या वेगळ्या काढल्या.

सर्व्हर बसला आणि बॅकअप नाही हे कळलं, तेव्हा पतसंस्थेत बोलणी कुणी खाल्ली? रोज सकाळी ती खिडकी बंद करणाऱ्या काकांनी. त्यांना कुणी सांगितलं होतं वाचायला? स्क्रिप्ट लिहिणारा मीटिंगला फिरकलासुद्धा नाही. शिवाय > रोज जुना लॉग पुसून नवा लिहितं, त्यामुळे नेमकं कधीपासून बिघडलं तेही कळेना. >> टाकलं असतं तर मजकूर खाली जोडला गेला असता.

असो. फोटो पाठवणारा पोरगा गुणी आहे, उगाच तापलो.

एका बाबतीत तुमचा काहीच दोष नाही. मराठी नावं छापणारी पायथन स्क्रिप्ट विंडोजच्या स्क्रीनवर झकास चालते आणि फाईलकडे वळवली की 'चारमॅप' म्हणत कोसळते. फाईलसाठी ती जुनं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) उचलते, त्यात देवनागरी नाहीच. पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करा, त्या एन्कोडिंगमध्ये देवनागरी आहे. तरी अडलं तर फाईल जोडा आणि खुशाल फोन करा, अकरापर्यंत जागा असतो.