साठ हजार युरो म्हणजे साठ लाख नव्हेत

नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर परवा जुंपली ती जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या ऑफरवरून. सातपूर एमआयडीसीतला डिझायनर, इथं पॅकेज २२ लाख, तिकडं वर्षाला ६०,००० युरो.

"युरोला शंभर रुपये, त्या भावानं साठ लाख. विषय संपला!" सातपूरकर.

"संपला कुठं?" सीए म्हणाला. "तुझे २२ लाख म्हणजे सीटीसी. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं आलं. जर्मनीत ब्रुटो, म्हणजे कपातीआधीच्या पगारात मालकाचा वाटा धरतच नाहीत. आधी दोन्हीकडचं हातात काय पडतं ते काढ."

महिन्याला ५,००० ब्रुटो. त्यातून पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, आरोग्य विमा ७.३ आणि वरच्या जादा हप्त्यातला निम्मा वाटा, शिवाय शुश्रूषा विमा. हजारेक युरो इथंच उडाले. मग आयकर. बायको कमावत नसेल तर टॅक्स क्लास ३, म्हणजे कमी कर कापणारा गट मिळतो, हातात साधारण साडेतीन हजार. एकट्याला क्लास १, म्हणजे आणखी कमी.

"तरी महिना साडेतीन लाख की!"

"भाडं युरोत भरणार, मग रुपयांत कशाला आणतोस?" बँकवाल्यानं पीपीपी काढला, म्हणजे तेवढंच सामान घ्यायला कुठं किती पैसे लागतात तो क्रयशक्तीचा हिशेब. २०१७ साली डॉलर बाजारात ६५.१२ रुपयांना होता, पण क्रयशक्तीच्या हिशेबात २०.६५ लाच. आपल्याकडं मजुरी स्वस्त, म्हणून न्हावी, रिक्षा, धुणंभांडी स्वस्त. लॅपटॉपला ते गणित लागू नाही.

"पण तो आकडा अख्ख्या देशाच्या सरासरी खरेदीचा," सीएनं त्यालाही अडवलं. "याच्या घरात स्वयंपाकाला बाई, खासगी शाळा. तिकडं बाई परवडणार नाही, पण सरकारी शाळेला फी नाही. २०२५ मध्ये पोरामागं महिना २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता होता. बिनकमाईची बायको आणि पोरं त्याच आरोग्य विम्यात, त्यांचा वेगळा हप्ता नाही. इथला मेडिक्लेम आठव."

घरभाड्यात मात्र भले भले फसतात. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वेगळं. डिपॉझिट तीन काल्टमीटेपर्यंत. आणि कितीतरी घरांत किचनच नसतं: ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण बसवायचं. वर टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो प्रसारण शुल्क.

"बायकोच्या इथल्या नोकरीचे ९ लाख कुठं गेले?" इतका वेळ गप्प बसलेला मास्तर बोलला. खरा मुद्दा हाच. तुलना घराच्या कमाईची. जर्मन येईपर्यंत तिची कमाई बहुधा शून्य, म्हणजे इथले ३१ लाख विरुद्ध तिथला एकच पगार.

शेवटी सीएनं रीत सांगितली. महिन्याचं सामान, भाडं, शाळा, प्रवास स्टुटगार्टच्या दरानं मांडायचं आणि हातातल्या पगारातून वजा करायचं. जे शिल्लक राहील त्यालाच शंभरानं गुणायचं, आणि ते नाशिकच्या शिल्लकीशेजारी ठेवायचं. नाशिकच्या बाजूला पीएफ धरलास, तर तिकडचं पेन्शनही धर.

"ते बुडालं तर?"

"त्यासाठीच १ मे २०१७ पासून दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार आहे. पेन्शनला किमान पाच वर्षांची अट असते, तिथं इथली वर्षंही धरतात. कंपनीनंच पाठवलं असेल तर ४८ महिने इथलाच पीएफ चालू राहतो. ऑफर लेटर आहे का जवळ?"

लेटर निघालं. नोकरीचा करार तिकडच्या कंपनीशी होता, म्हणजे ४८ महिन्यांची ती सोय नाही.